चेहरा कुणाच्या मालकीचा?

एक बाई फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून उभी आहे. वय सत्तावीस, दिसते चाळिशीची. केस मागं घट्ट ओढलेले. कपाळावर आठ्या. ओठ आत ओढून घेतलेले, जणू काही तरी बोलायचं होतं आणि गिळलं. अंगावर बारीक नक्षीच्या कापडाचा झगा. ती हसत नाही, रडत नाही, काही मागत नाही. सरळ बघते. मागच्या फळ्यांना रंग नाही, लाकडाच्या शिरा उघड्या पडल्यात. तिच्या कपाळाच्या रेघा आणि त्या फळ्यांच्या रेघा एकाच रंध्यानं काढल्यासारख्या वाटतात.

साल १९३६. जागा अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातली हेल काउंटी. बाईचं नाव अ‍ॅली मे बरोज. तिचा नवरा दुसऱ्याच्या रानात अर्धेलीनं कापूस करायचा. फोटो काढणारा वॉकर एव्हान्स.

आता दुसरा फोटो. तीच बाई, त्याच फळ्या, त्याच आठ्या. साल मात्र १९८१, आणि जागा न्यूयॉर्कमधली मेट्रो पिक्चर्स नावाची गॅलरी. हा फोटो शेरी लव्हीन नावाच्या चित्रकर्तीचा. जन्म १९४७. ही अलाबामाला गेली नाही. तिनं त्या बाईला पाहिलेलंच नाही. बाई १९७९ सालीच मेली होती. लव्हीननं काय केलं? एव्हान्सच्या फोटोंचं छापील पुस्तक उघडलं, पानावर कॅमेरा धरला, खटका दाबला. असे बावीस फोटो. चौकटीत घालून भिंतीला लावले. नाव दिलं 'आफ्टर वॉकर एव्हान्स'. चित्रकार म्हणून नाव स्वतःचं.

बस्स. एवढंच केलं. रंग भरला नाही, मिशी काढली नाही, काही फाडलं-चिकटवलं नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मोठ्यानं हसलो. म्हटलं, च्यायला, आपला पोरगा शाळेत दुसऱ्याच्या वहीतनं गणित उतरवतो तर मास्तर छडी मारतो, आणि इथं उतरवणारणीला गॅलरी मिळते! पण हसून झाल्यावर गोष्ट डोक्यातून जाईना. डिक्शनरी शेजारी ठेवून मिळेल ते वाचलं. पाळीवरनं आल्यावर रात्री वाचलं. जे समजलं ते लिहितो, आणि ते आपल्या कामाचं आहे म्हणून लिहितो. कारण आपणही उचलतो. घोषणा उचलतो, चित्रं उचलतो, चेहरे उचलतो. गेल्या वर्षी आम्ही एक चेहरा उचलला. त्याची गोष्ट शेवटी सांगेन.

लव्हीनच्या फोटोंवर दोन उत्तरं तयार मिळतात. पहिलं कारकुनाचं: ही चोरी आहे. एव्हान्सनं पाहिलं, एव्हान्सनं काढलं, मूळ त्याचं, ही नक्कल. एव्हान्स १९७५ साली वारला होता, पण त्याच्या मागं त्याच्या कामाची मालकी सांभाळणारे लोक होते आणि त्यांनी कॉपीराइटची हरकत घेतलीच.

दुसरं उत्तर विद्वानांचं. ते म्हणतात, मूळ असं जगात काही नसतंच. प्रत्येक चित्र आधीच्या चित्रावरनं येतं, प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्यांतून. लेखक मेला, असं रोलां बार्थ या फ्रेंच माणसानं १९६७ साली सांगून टाकलं होतं. लव्हीननं १९८२ साली स्वतःबद्दल एक छोटं निवेदन लिहिलं, तेही बरंचसं बार्थच्याच मजकुरावरून बेतलेलं. म्हणजे बाई प्रामाणिक. उचलण्याबद्दल बोलतानाही उचलूनच बोलली. न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली डग्लस क्रिंप या समीक्षकानं 'पिक्चर्स' नावाचं प्रदर्शन मांडलं होतं, त्यात ही होती. त्या पिढीचं म्हणणं असं की आम्ही सिनेमा, जाहिरात, मासिक यांच्या चित्रांत वाढलो, आमचं पाहणंसुद्धा आधी कुणीतरी पाहून ठेवलेलं आहे, मग नवं पाहिल्याचं सोंग कशाला?

पहिलं उत्तर मला पटत नाही. दुसरं ऐकायला झकास आहे, पण तेही घशात अडकतं.

का अडकतं ते सांगतो. ज्यांच्या बापजाद्यांची नावं हजार वर्षं पुस्तकांवर आली, त्यांनी खुशाल म्हणावं लेखक मेला. त्यांच्याकडं मरायला लेखक होता. आपल्याकडं अंगठा होता. आपला बाप सावकाराच्या कागदावर शाई लावून अंगठा उठवायचा. आपण आत्ता कुठं सही करायला शिकलो, कवितेखाली नाव लिहायला शिकलो, तर वर्दी येते की सहीचा जमाना संपला! दुकान उघडायच्या दिवशीच बाजार उठला. अमेरिकेतल्या काळ्यांनी, बायकांनीही हा सवाल त्या विद्वानांना केलेला आहे. तो खोडून काढणारं उत्तर मी अजून वाचलेलं नाही.

पण लव्हीनच्या बाबतीत इथं थांबलं तर अन्याय होईल. ती स्वतः बाई आहे. आणि ती कुणाचं उचलते ते बघा. एव्हान्स, एडवर्ड वेस्टन, रॉडचेंको, एगॉन शीले, द्युशां. जवळजवळ सगळे पुरुष. ज्या इतिहासात 'थोर कलावंत' म्हटलं की पुरुषच दिसतो, त्या इतिहासाच्या घरात शिरून ती एकेक वस्तू उचलते आणि तिच्यावर आपलं नाव घालते. ती जणू म्हणते, तुम्ही मला थोर होऊ देणार नाही ना, मग तुमचं थोरपणच मी उचलते. यात मला बंडाचा वास येतो. हा वास ओळखीचा आहे.

(जाता जाता एक. मार्सेल द्युशांनं १९१७ साली दुकानातली तयार मुतारी आणून तिला 'फाउंटन' नाव दिलं आणि कला म्हणून प्रदर्शनात पाठवली. लव्हीननं १९९१ साली तशीच मुतारी काशाची ओतवली आणि सोन्यासारखी चकचकीत केली. या दोन मुताऱ्यांवर ढीगभर लिहिलं गेलं आहे. मुतारी धुणाऱ्यावर त्यात कुणी लिहिलं असेल तर मला तरी दिसलं नाही.)

तर एव्हान्स की लव्हीन, मालक कोण, असा हा झगडा. त्यात मी पुनःपुन्हा त्या फोटोकडं जातो आणि मला वाटतं, अरे, तिसरं माणूस मधे उभं आहे की! दोघं तिच्या डोक्यावरनं भांडतायत. चेहरा कुणाचा?

थोडं मागं जाऊ. १९३६ च्या उन्हाळ्यात 'फॉर्च्यून' नावाच्या मासिकानं जेम्स एजी या लेखकाला दक्षिणेत धाडलं. 'फॉर्च्यून' म्हणजे धंदेवाल्यांचं, शेठलोकांचं मासिक. मंदी होती, कापूस पडला होता, तेव्हा शेठलोकांना कूळ कसं जगतं ते वाचायचं होतं. एव्हान्स सरकारी खात्यात फोटोग्राफर होता, तो एजीबरोबर गेला. बोली अशी की निगेटिव्ह सरकारची राहतील. हेल काउंटीत त्यांनी तीन कुटुंबं धरली. एजी बरोजच्या घरात राहिला, त्यांचंच खाल्लं. लेख लिहिला. मासिकानं छापला नाही. मग त्याचं पुस्तक झालं, 'लेट अस नाऊ प्रेज फेमस मेन', १९४१ साली. तेव्हा प्रती खपल्या सुमारे सहाशे. १९६० साली दुसऱ्यांदा काढलं, तेव्हा मात्र गाजलं.

अर्धेली म्हणजे काय ते आपल्याला शिकवायला नको, पण तिथली सांगतो. जमीन मालकाची, झोपडं मालकाचं, खेचर मालकाचं, अवजारं मालकाची. राबणं कुळाचं, बायकोचं, पोरांचं. आलेल्या कापसातला निम्मा मालकाचा. पेरणीपासून वेचणीपर्यंत खायला जे उसनं घेतलं ते व्याजासकट कुळाच्या निम्म्यातून वजा. हिशेबाची वही मालकाकडं. वर्षभर राबून शेवटी कूळच मालकाचं देणं लागतं, अशी ही वही.

आता मला सांगा, फोटोचं पीक कुणी काढलं? चेहरा बाईचा. त्या चेहऱ्यावर ज्या आठ्या आहेत, ज्यांच्यामुळं फोटो थोर झाला, त्या आठ्या पिकवायला तिला सत्तावीस वर्षं लागली. एव्हान्सला काही मिनिटं. आठ बाय दहा इंचाचा मोठा कॅमेरा, तिकाटणं, तिला भिंतीशी उभी केलं, चार वेळा खटका दाबला. एव्हान्सची नजर मोठी होती, हे मी नाकारत नाही. त्यानं कीव केली नाही. तिला रडवलं नाही, हात पसरायला लावले नाहीत, समोरासमोर उभं केलं. एवढा मान गरिबाला देणारे फोटोवाले थोडे. पण वाटणीचं काय? इथं तर निम्माही नाही. बाईचा वाटा शून्य.

आणि नाव बघा. माझ्या मते खरी गोष्ट नावात आहे. फोटो पहिल्यांदा लोकांपुढं आला तेव्हा त्याखाली तिचं नाव नव्हतं. अलाबामातल्या कापूस कुळाची बायको, एवढंच. ना तिचं, ना नवऱ्याचं. पुस्तकात एजीनं कुटुंबांची नावं बदलली, ती उघडी पडू नयेत म्हणून. हेतू चांगला. तिचं केलं अ‍ॅनी मे गजर. म्हणजे नाव मिळालं ते खोटं. मग १९८१ साली लव्हीननं फोटोला नाव दिलं 'आफ्टर वॉकर एव्हान्स' आणि पुढं एक आकडा, चार. संपलं. आता ती कुळाची बायकोही राहिली नाही. आकडा झाली.

इंग्रजीतला हा 'आफ्टर' शब्दही गमतीचा. त्याचा साधा अर्थ नंतर. चित्रकारांच्या बोलीत त्याचा अर्थ अमक्यावरून काढलेलं. एव्हान्सनंतर आणि एव्हान्सवरून, दोन्ही. पण बाईनंतर नाही, बाईवरून नाही. ज्या पुरुषाची मालकी मोडायला लव्हीन निघाली होती, त्याचंच नाव तिच्या चित्राच्या कपाळावर गोंदलं गेलं, आणि ज्या बाईचं कपाळ ते, तिचं नाव पुसलं ते पुसलंच.

सूतगिरणीत गासडी फोडताना मी बघतो. गासडीवर जिनिंग-प्रेसिंगचं नाव असतं, लॉट नंबर असतो, वजन असतं. वेचणारणीचं नाव नसतं. कधी कधी रुईत एखादा लांब केस निघतो. मुकादम म्हणतो, काढ तो, सुतात येईल. मी काढतो.

पुढं त्या घराचं काय झालं तेही लिहितो, कारण कलेच्या पुस्तकांत ते तळटिपेत असतं. डेल महारिज हा पत्रकार आणि मायकल विल्यमसन हा फोटोग्राफर पन्नासेक वर्षांनी त्या तिन्ही कुटुंबांना शोधत गेले. त्यांचं पुस्तक १९८९ साली आलं आणि त्याला १९९० साली पुलित्झर मिळालं. घरातली एक मुलगी १९३६ साली दहा वर्षांची होती, हुशार होती. ही शिकून नर्स किंवा मास्तरीण होईल असं एजीनं लिहिलं होतं. तसं काही झालं नाही. ती कापसातच राहिली आणि १९७१ साली तिनं स्वतःच्या हातानं जीव दिला. २००५ साली त्याच 'फॉर्च्यून' मासिकाचा माणूस पुन्हा तिकडं गेला. तेव्हा बरोजच्या मुलाची तक्रार छापून आली. पुस्तकाची एक प्रतसुद्धा आम्हाला कुणी पाठवली नाही, आणि आम्हाला असं दाखवलं की आम्ही अडाणी, आमच्यानं काही होणारच नाही.

यातली दुसरी तक्रार पहिलीपेक्षा मोठी आहे. पैसे नाही दिले, प्रत नाही दिली, हे एक. पण तुम्ही आम्हाला एका दिवसात खिळा मारून ठेवलं. माणूस पुढं गेला, चेहरा भिंतीवरच राहिला.

एजीला हे कळत होतं. पुस्तकात तो स्वतःला हेर म्हणवतो, पत्रकाराच्या वेशात फिरणारा हेर. पानंच्या पानं तो स्वतःला शिव्या घालतो की मी कोण यांच्या पेट्या उघडून आतल्या वस्तू मोजणारा. पण शिव्या घालून झाल्यावर मोजतोच. हे वाचताना मला आपले काही पांढरपेशे मित्र आठवले. वस्तीत येऊन आधी माफी मागतात, मग वही काढतात. माफीचा शब्द खरा असतो, यात शंका नाही. वहीसुद्धा खरी असते.

आणखी एक आहे. हे आपल्याला दिसायलाच हवं, दुसऱ्यांना उशिरा दिसतं. ही तिन्ही कुटुंबं गोरी. मासिकानं कामच गोऱ्या कुळांवर दिलं होतं. त्याच पट्ट्यात, त्याच कापसात काळी कुळं वाकलेली होती. त्यांचा कापूस त्याच बाजारात जात होता, त्यांचे बाप-आजे तर गुलाम म्हणून त्याच मातीत पुरलेले. ती चौकटीत आली नाहीत. मूळ फोटो, मूळ फोटो म्हणून आपण ज्याच्यासाठी भांडतो, तो मूळ फोटोसुद्धा आधी कुणाला तरी वगळून मग मूळ झालेला असतो.

आणि आता त्याच अलाबामातली दुसरी गोष्ट ऐका. हिच्यात उचलणं आहे, नक्कल आहे, पण माझ्या घशात काही अडकत नाही.

हेल काउंटी ज्या काळ्या मातीच्या पट्ट्यात येते, त्याच पट्ट्यात लाउंड्स काउंटी आहे. लोकसंख्येत काळे सुमारे ८० टक्के. १९६५ च्या सुरुवातीला काळे मतदार किती? शून्य. तिथल्या काळ्या कुळांनी, शेतमजुरांनी स्टोकली कारमायकल आणि त्याच्या साथीदारांबरोबर स्वतःचा पक्ष उभा केला. वाचता न येणारे मतदार पुष्कळ, म्हणून मतपत्रिकेवर पक्षाला चित्र लागायचं. गोऱ्यांच्या पक्षाचं चित्र होतं पांढरा कोंबडा, आणि कित्येक वर्षं त्या कोंबड्याबरोबर गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली असायची. यांनी निवडला काळा पँथर. तो कुठून आणला? अटलांटाच्या क्लार्क कॉलेजचं खेळाचं चिन्ह पँथर होतं, त्यावरून उतरवला. म्हणजे तिथंही नक्कलच!

मग १९६६ साली ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कॅलिफोर्नियात ऑकलंडला ब्लॅक पँथर पार्टी काढली, ती हेच नाव, हेच चित्र घेऊन. आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर. कॉलेजच्या पोरांच्या खेळाचं चिन्ह अलाबामाच्या मतपत्रिकेवर, तिथून ऑकलंडच्या रस्त्यावर, तिथून नायगाव-वरळीच्या भिंतींवर. मूळ पँथर कुठला? कुणाची सही त्याच्याखाली? कुणी विचारत नाही. विचारणारा हास्यास्पद ठरेल.

मग लव्हीनच्या उचलण्यात आणि या उचलण्यात फरक काय? मी बरेच दिवस चाचपडत होतो. आधी वाटलं, फरक पैशाचा. तो आहेच. रिचर्ड प्रिन्स नावाचा लव्हीनचाच समकालीन. तो मार्लबोरो सिगारेटच्या जाहिरातीतल्या घोडेस्वाराचे फोटो काढून मोठे करायचा. त्यातला एक २००५ साली लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला. ज्यानं घोडेस्वाराचा मूळ फोटो काढला तो बघत बसला. पण लव्हीनचं तसं नाही. तिच्या एव्हान्सवरच्या फोटोंवर हरकत आली. पुढं तो संच तिनं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला १९९५ साली भेट म्हणून दिला. एव्हान्सचा सगळा संग्रहही १९९४ साली तिथंच गेला होता. म्हणजे वादी-प्रतिवादी आता एकाच छपराखाली. बाईही तिथंच, दोनदा. आणि मूळ निगेटिव्ह सरकारी असल्यामुळं हा फोटो अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये कुणालाही खुला आहे. २००१ साली मायकल मँडिबर्ग या कलाकारानं तर लव्हीनच्या संचाचीही नक्कल करून ती सगळ्यांना खुली केली. छापून घ्या म्हणाला, अस्सलपणाचा दाखलाही देतो, त्यावर सही तुमची तुम्हीच करा. म्हणून पैशाच्या मापानं लव्हीन मोजली जात नाही.

मग वाटलं फरक किमतीचा, पण दुसऱ्या किमतीचा. लाउंड्समध्ये ज्यांनी पँथर उचलला, त्यांचं काय झालं? मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून मालकांनी कुळांना झोपड्यांतून हाकललं. १९६५ च्या डिसेंबरापासून ती माणसं हायवेच्या कडेला तंबू ठोकून राहिली. रात्री त्या तंबूंवर गोळ्या झाडल्या गेल्या. चित्र ज्यांनी घेतलं, ते चित्राखाली उभे राहिले, आणि चित्रामुळं जे अंगावर आलं ते त्यांनी अंगावर घेतलं. ऑकलंडला तेच. आपल्याकडं तेच. लव्हीन त्या बाईच्या फोटोखाली उभी नव्हती. कॅमेऱ्याच्या मागं होती. एव्हान्सही कॅमेऱ्याच्या मागंच होता.

हे मी एका मित्राला सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे चित्रकारानं गोळी खाल्ल्याशिवाय चित्र काढू नये काय? बरोबर बोलला. हे माप फार कडक आहे. या मापानं माझ्याच निम्म्या कविता चोरीच्या ठरतील. शिवाय तो म्हणाला, लव्हीननं हे केलं नसतं तर तू हा प्रश्न विचारला असतास का? एव्हान्सचा फोटो तू आजवर बघितलास तेव्हा तुला 'घेतला' हा शब्द आठवला होता का?

नव्हता आठवला. हे कबूल करायला पाहिजे. आपण म्हणतोच की फोटो घेतला, 'घेतला'च म्हणतो, पण तो शब्द कानावरून जातो. लव्हीननं घेतलेल्याचंच घेणं केलं, तेव्हा पहिलं घेणं दिसलं. तिनं तेवढं केलं. एव्हान्सच्या फोटोवर जी पवित्र धूळ बसली होती ती तिनं फुंकली. फुंकल्यावर खालून बाईचं नाव वर यायला हवं होतं. आलं लव्हीनचं. इथं मी तिच्याशी भांडतो. पण भांडणाची जागा तिनंच दाखवली, हेही खरं.

आता आमची गोष्ट. हे पान तुमच्या हातात आहे, बघा त्याच्याकडं. मूळ कुठं आहे याचं? मेणाच्या स्टेन्सिलवर टोकदार पेनानं कोरलं, रोलर फिरवला, शे-दोनशे प्रती निघाल्या, स्टेन्सिल फाटली, फेकली. सगळ्या नकलाच. कुणाच्या प्रतीत शाई जास्त, कुणाच्या कमी, एवढाच फरक. गेल्या वर्षी एका गावात आपल्या माणसांना मारहाण झाली, तेव्हा आम्ही असंच एक पत्रक काढलं. पेपरात एका बाईचा रडतानाचा फोटो आला होता. आमच्यातल्या एकाचा हात चांगला. त्यानं पेपर काचेवर धरला, खालून बल्ब लावला आणि चेहरा स्टेन्सिलवर उतरवला. खाली ओळ घातली. तीनशे प्रती. सगळ्यांनी पाठ थोपटली.

पत्रकं वाटत आम्ही त्याच बाजूच्या वस्तीत गेलो. एक पोरगा पत्रक घेऊन उभाच राहिला. मग म्हणाला, "ह्यो आमच्या आईचा फोटू हाय. कुनाला इचारून छापला?"

आम्ही म्हटलं, आम्ही तुमच्याच बाजूनं आहोत.

तो म्हणाला, "ते दिसतंय. पन इचारलं का?"

आमच्यातला एकजण त्याला समजावायला लागला की हा चेहरा आता एकटीचा नाही, समाजाचा आहे, वगैरे. मी त्याचा हात दाबला. कारण तेव्हा मला ती फळ्यांपुढची बाई दिसत होती. हेच वाक्य तिच्याबद्दल किती जणांनी किती भाषांत लिहिलं असेल!

पोरानं आम्हाला घरी नेलं. म्हातारी चुलीपुढं बसली होती. पत्रक हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. आम्ही गप्प. म्हटलं आता शिव्या पडणार. ती म्हणाली, "बाबांनो, माझं कपाळ कशापायी येवढं काळं केलं?" शाई जास्त लागली होती तिथं. आमचा चित्रकार खाली बघायला लागला. मग तिनं चहा टाकला.

चहा पिताना मी विचारलं, मावशी, पत्रकं वाटायची का फाडून टाकायची? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, वाटा. पण खाली माझं नाव नाही. रडणारी कोण ते लोकांना कसं कळायचं? गावात पुष्कळ बायका रडल्या.

उरलेली एकशे चाळीसेक पत्रकं होती. तिच्या ओट्यावर बसून आम्ही तिघांनी प्रत्येकावर पेननं तिचं नाव लिहिलं, तिचं, नवऱ्याचं, आडनाव. पहिल्या दहा-बारांवर आडनावातली वेलांटी चुकली, ती पोरानं सांगून सुधारून घेतली.

ते नाव मी इथं लिहिलेलं नाही. या लेखात लिहायचं की नाही, हे अजून तिला विचारलेलं नाही.